विदर्भात मेंढ्या पाळून हाती रंगवलेली लोकर विकायची, जमते का?

वावरवाला
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात चार एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस अन तूर, त्याचं रडगाणं इथे गात नाही, सगळ्यांना माहीत आहे. विषय वेगळा आहे. आमची वहिनी सेवाग्रामकडे कताई शिकून आली, सूत मस्त काढते. तिकडे तिला पुण्या-बंगलोरच्या बाया भेटल्या ज्या घरी हौसेने चरखा चालवतात अन रंगवलेली लोकर विकत घेऊन कातत बसतात. शंभर शंभर ग्रॅमची रंगीबेरंगी वेणी येते म्हणे, बहुतेक माल बाहेरदेशातला, भाव ऐकून मी दोनदा विचारलं शंभर ग्रॅमचा की किलोचा. तर वहिनीचं म्हणणं, आपण वीसेक मेंढ्या घेऊ, लोकर काढू, घरीच रंगवू अन विकू. मेरिनो नावाची मेंढी चांगली असते म्हणतात, ती इकडे मिळेल का, किती लोकर निघेल, रंग कोणता लागतो, खादीचे रंग चालतात का, सगळंच विचारतो. घरचे हसून राहिले पण मला पूर्ण वेडेपणा वाटत नाही.

खोडसाळ
आधी मे महिन्यात तुम्ही स्वतः स्वेटर घालून वावरात उभे राहून दाखवा, मग मेरिनो आणा 😄

काठीवाला_वणी
खोडसाळ भाऊनं गंमत केली पण गोष्ट खरी सांगतली. मेरिनोचा नाद पह्यले सोडा. आपल्या इकडं उन्हाळ्यात पारा ४५-४६ वर जाते, थे जनावर आपल्या मुलखाचं नाई. आमचा पिढीजात धंदा मेंढ्याचा हाय म्हणून सांगतो. इकडं टिकते थे आपली डेक्कनी. काळी, करडी, कुठं पांढरे ठिपके, पाय लंबे, दिवसभर चालते अन काहीही खाऊन राह्यते. पण तिची लोकर जाड अन केसाळ. घोंगडी, जेन (लोकरीचं जाड अंथरूण), आसन याच्यासाठी एक नंबर, गळ्यात मफलर घातला तर खाजून खाजून मराल.

आता हिशोब. डेक्कनी वर्षातनं दोनदा कातरली तरी एका मेंढीमागं अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते. वीस मेंढ्याचे धरा दहा किलो. त्याच्यातून माती, लेंडी, कुसळं गेली का अजून कमी. येवढी तर तुमच्या वहिनी एका हिवाळ्यात कातून टाकतीन. मेंढीचा पैसा लोकरीत नाई भाऊ, कोकरात हाय अन खतात हाय. वावरात कळप बसवला का शेतकरी पैसे देते, धान्य देते. लोकरीचा भाव असा पडला का कातरणाऱ्याची मजुरी निंगत नाई, लय जण कातरून धुऱ्यावर टाकून देतात. वरून मटणासाठी नेल्लोर अन माडग्याळ नर कळपात घातले, त्याईच्या पिलायच्या अंगावर लोकरच नाई. आमच्या आज्याच्या टायमाले घरोघरी घोंगडीचा माग होता, आता दाखवाले नाई भेटत.

म्हणून म्या सांगन, मेंढ्या घेऊ नोका. लोकर घ्या. जे फेकून राह्यले थे उचला, तुमाले आशीर्वाद देतीन.

वावरवाला
काठीवाला भाऊ, हे कोणी सांगितलंच नव्हतं. फेकून देतात? मग रंगवायला काय हरकत आहे, काळी असली तर असली.

रंगपेटी
काळ्यावर रंग दिसत नाही दादा 😀 काळ्या साडीवर हळद सांडल्यासारखं होतं, आहे पण दिसत नाही. मी नागपूरला आहे, गेली काही वर्षं सूत, लोकर, टसर रेशीम सगळं रंगवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे सरका.

पहिली गोष्ट, वहिनींनी खादीवर जे रंग शिकले असतील ते तसेच्या तसे लोकरीला लावू नयेत. सुताच्या रंगात धुण्याचा सोडा पडतो आणि सोडा लोकरीचा शत्रू. लोकर म्हणजे केस, तिला आंबट मानवतं, खारं नाही. त्यामुळे लोकरीचे रासायनिक रंग ज्यांना अ‍ॅसिड डाय म्हणतात ते व्हिनेगर किंवा लिंबूसत्व घालून बसवतात. पद्धत सोपी आहे. १० ग्रॅम रंग एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवायचा, १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला त्यातलं १०० मिली घेतलं की मध्यम गडद छटा येते, फिकी पाहिजे तर कमी. लोकर आधी तासभर साध्या पाण्यात भिजवलेली हवी, कोरडी टाकली तर ठिपके पडतात. कोमट पाण्यात सोडायची, हळूहळू तापवायचं, उकळी फुटायच्या आत थांबायचं आणि अर्धा-पाऊण तास तिथेच ठेवायचं. रंग सगळा लोकरीने पिऊन घेतला की भांड्यातलं पाणी जवळपास निवळ होतं, ते बघायला मला अजून मजा वाटते. मग तशीच भांड्यात गार होऊ द्यायची. गरम लोकर नळाच्या गार पाण्याखाली धरली आणि वर चोळली की तिचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा, झालाच समजा, मग ती कातता येत नाही, फार तर चुलीवरचं भांडं धरायला वापरा.

आणि रंगाचं भांडं, चमचा, चाळणी वेगळं. स्वयंपाकात परत न्यायचं नाही. पूड हाताळताना तोंडाला मास्क, हातात मोजे.

वेणीवर दोन-तीन रंग पाहिजेत तर ओली लोकर प्लास्टिकवर पसरून बाटलीने रंग टाकायचा, गुंडाळून वाफवायची. जुनं मोदकपात्र चालतं, पण मग त्यात मोदक विसरायचे.

टकळी_पुणे
मी त्या "हौसेने चरखा चालवणाऱ्या बायां"पैकी एक, हजर आहे 🙋 गिऱ्हाईक म्हणून बोलते. सगळ्यांना मऊच पाहिजे असं नाही. मी स्वतः आसनं, पिशव्या, सतरंजीसारखं विणते, त्याला मऊ लोकर चार दिवसांत झिजते. जाड लोकर पाहिजेच असते आणि ती नीट अशी मिळत नाही. मिळते ती पोत्यात कोंबलेली, एका मुठीत काळी, पांढरी, पोटाखालची, शेपटीची सगळी एकत्र, आणि कुसळं इतकी की पिंजताना बोटांतून रक्त येतं. मला रंग नंतर द्या हो, आधी साफ लोकर द्या. पाठीची वेगळी, पोटाची वेगळी, काळी वेगळी, करडी वेगळी. कोकराची पहिली कातरणी, जावळ म्हणतात ती, तिला तर मी जास्त पैसे देईन कारण डेक्कनीतली सगळ्यात मऊ तीच. आणि काळी न रंगवताच विका, काळा आणि करडा हे तिचे अंगचे रंग आहेत, धुण्याने जात नाहीत, उन्हाने फार तर जरा तांबूस होतात.

एक विनंती, कृपा करून तिला मेरिनो किंवा "मेरिनोसारखी" म्हणू नका. एकदा कातली की हाताला लगेच कळतं आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

काठीवाला_वणी
ताई बराबर बोलल्या. कातरायच्या आधी मेंढरं नाल्यावर नेऊन धुवाची पद्धत होती आमच्यात, दोन दिवस साफ जागेवर सुकू देयाचे मंग कातर लावाची. आता कोणी करत नाई कारण भावच नाई. तुमी जर कळपवाल्याले म्हटलं का धुऊन कातरली तर दोन पैसे जास्ती देतो, तर थो करन.

कुसळाचं म्हनान तर थे पावसाळ्यानंतर गवत वाळलं का भरते. कुसळी गवत बाण असते निस्तं, लोकरीतनं चामड्यापर्यंत जाते. गोखरू वेगळा. म्हणून कुसळं धराच्या आधी कातरलेली लोकर घ्या, थे साफ राह्यते. दिवाळीनंतरची घेतली तर निवडत बसा.

पशुसखा
मी पशुसंवर्धन खात्यात काम केलेलं आहे म्हणून दोन शब्द, जर शेवटी मेंढ्या घ्यायच्याच ठरल्या तर. वर्ध्याकडच्या काळ्या जमिनीत पावसाळा हा मेंढीचा वैरी. चिखलात उभी राहिली की खूर कुजतात, लंगडते, चरत नाही, मग उतरते. गोठ्याची जागा मुरमाड आणि उंच घ्या, प्रत्येक मोठ्या मेंढीला दहा चौरस फूट तरी कोरडी जागा लागते. जंताचं औषध पावसाच्या आधी आणि नंतर. आंत्रविषाराची लस पावसाआधीच, पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन चांगली धट्टीकट्टी मेंढी रातोरात मरते ती यानेच. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवीची लस पण वेळच्या वेळी घ्या. कोवळी ज्वारी किंवा कापल्यावर फुटलेले ज्वारीचे फुटवे खाऊ देऊ नका, विषबाधा होते. कपाशीच्या वावरात वेचणी झाल्यावर पऱ्हाट्यात सोडतात सगळेच, पण शेवटची फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय सोडू नये.

वीस माद्यांना एक नर पुरतो, गाभणकाळ पाच महिने. शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र अमरावतीजवळ पोहऱ्याला आणि नागपूर जिल्ह्यात बोंद्रीला आहे, एकदा जाऊन जनावर डोळ्याने बघा. महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर असा गट देतात, पण ती भटक्या जमाती क प्रवर्गासाठी आहे, त्यामुळे आधी पात्रता बघा मग हिशोब करा.

खोडसाळ
म्हणजे मेंढी उन्हाळ्यात उन्हाने, पावसाळ्यात चिखलाने अन हिवाळ्यात लांडग्याने मरते. बाकी धंदा फायद्याचा 👍

वावरवाला
😂😂 खोडसाळ भाऊ तुम्ही आमच्या घरचेच वाटता. बरं एक सांगा, आमच्या शिवारात दरवर्षी काठेवाडी येतात, उंट-मेंढ्या घेऊन. गेल्या साली माझ्याच वावरात कळप बसवला होता, खत छान झालं. त्यांच्या मेंढ्या काळ्या नाहीत, पांढऱ्या दिसतात. त्या लोकरीचं काय?

काठीवाला_वणी
आता भाऊ तुमी मुद्द्यावर आले! थे कच्छकडचे रबारी. त्याईच्या बऱ्याच कळपात अंगानं पांढरी अन तोंड तांबूस अशी मेंढी असते, आपल्या डेक्कनीपेक्षा लोकर लांब अन जरा नरम. रंगवाची असन तर थे घ्या. काळी आमच्यासारख्यायच्या कळपातनं घ्या अन तशीच विका. पण त्याईच्याशी आधीच बोलून ठेवा, मुक्काम तुमच्या वावरात असतानी कातरणी झाली तर लोकर तुमाले, असं. उंट हलले का मंग थे कुठं भेटतीन सांगता येत नाई. अन कातरणारे त्याईचेच लोक असतात, त्याईच्या कामात मधात पडू नोका.

रंगपेटी
हे तर मला पण नवीन. पांढरी लोकर हाताशी असेल तर मग रंगाला मजा आहे. तरी एक अडचण सांगून ठेवते. जाड लोकरीत मधूनमधून खडूसारखे पांढरे, ठिसूळ केस असतात, ते रंग धरत नाहीत किंवा फिके राहतात. रंगवल्यावर लालमध्ये पांढऱ्या रेघा दिसल्या की लोकांना वाटतं रंग कच्चा. रंग कच्चा नसतो, केसच तसा असतो. पिंजताना बरेचसे गळतात, उरलेले आहेत तसे दाखवायचे, फोटोत लपवायचे नाहीत. करडी लोकर पण रंगवून बघा, निळा किंवा तांबडा करड्यावर घातला की असा दबका, मुरलेला रंग येतो जो पांढऱ्यावर कधीच येत नाही. माझी स्वतःची आवड विचाराल तर तोच.

आणि तुमच्याकडे पळस असताना पुड्या कशाला विकत घेता? निदान निम्मा माल तरी झाडपाल्यावर करा. आर्वीहून कारंज्याकडे जाताना फाल्गुनात दोन्ही बाजूला पेटलेला असतो. पद्धत लिहिते. १०० ग्रॅम लोकर असेल तर १२ ते १५ ग्रॅम तुरटी, सोबत ५ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर मिळालं तर उत्तम, बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. गरम पाण्यात विरघळवून, त्यात भिजवलेली लोकर घालून हळूहळू ८०-८५ डिग्रीपर्यंत न्यायची, तासभर ठेवायची, रात्रभर त्याच पाण्यात. दुसऱ्या दिवशी वाळलेली पळसाची फुलं लोकरीइतक्याच वजनाची घ्यायची, तासभर उकळायची, फडक्यातून गाळायचं. गाळल्याशिवाय लोकर टाकायची नाही, नाहीतर पाकळ्या निवडता निवडता पुढची होळी येते. त्या पाण्यात लोकर परत मंद आचेवर. पिवळा येतो, छान उबदार पिवळा. चिमूटभर हिराकस दुसऱ्या भांड्यात विरघळवून त्यात दोन-चार मिनिटं बुडवली की तोच मेंदीसारखा हिरवट होतो. हिराकस १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या वर नको, लोकर खरखरीत होते, आधीच जाड आहे.

झेंडू दसऱ्यानंतर फुकट मिळतो, पिवळा पक्का. कांद्याची सालं, डाळिंबाची सालं, हिरडा, खैराचा काथ हे सगळं चालतं. हळद नको, उन्हात महिन्याभरात उडते. बीट आणि जास्वंद बघून मोहात पडू नका, भांड्यात सुंदर दिसतात, लोकरीवर राहत नाहीत.

दर्यापूरकर
मधेच बोलतो, माफ करा. हे सगळं पाण्यावर आहे. आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. आमच्या घरी आईने पळसाचा रंग केला तर तो पिवळा न येता मातकट तांबूस आला, साबणाला फेस नाही, लोकर धुतली तरी चिकट राहते. पावसाचं पाणी टाक्यात साठवलं होतं त्यात केलं तर रंग खुलला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या कोणी हे करायचं मनात आणलं तर आधी टाकं बांधा मग रंग आणा.

रंगपेटी
दर्यापूरकर, अगदी बरोबर. पळसाचा रंग खाऱ्या पाण्यात नारिंगीकडे झुकतो, होळीला चुना घालतात तो त्यासाठीच. अंगावर खेळायला ठीक, लोकरीला चुना नको. पाणी थोडं खारं असेल तर चिंचेचं पाणी घालून बघा, पण खारपाणपट्ट्यात चिंचेची पोती लागतील. टाकंच बरं. वावरवाला, तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे? डाळ शिजते का लवकर? शिजत असेल तर रंगाला चालेल.

झाडीपट्टी_आरमोरी
आमच्या भागाचं पण घ्या जरा. इकडे मेंढ्या नाहीत, पाऊस जास्त अन सगळं धानाचं, पण टसर आहे. ऐनाच्या झाडावर किडे पोसतात आमचे लोक. धागा काढून झाला की कोशाचा जो चोथा राहतो तो हाताने पिंजून कातता येतो, तो जावळाच्या लोकरीत मिसळला तर चमक येते अन खाज कमी होते, बायका करून बघतात असं. दुसरं म्हणजे लाख. पळसावर अन कुसुमाच्या झाडावर लाख धरतात, गोंदिया-गडचिरोलीकडे. काडीवरची लाख कुटून धुतली की धुवणाचं लाल पाणी सोडून देतात कारण त्यांना राळ पाहिजे असते. तो लाल रंग लोकरीवर तुरटीने बसतो, पक्का बसतो.

रंगपेटी
लाखेचं पाणी कुठे मिळेल ते मला व्यक्तिगत निरोपात सांगाल का प्लीज? 🙏 किरमिजी येतो, आणि चिंचेचं आंबट घातलं की अजून लालबुंद. मला विकतच्या पुडीत मिळतं ते काय भावाने घेते सांगत नाही, नवरा पण या साईटवर आहे.

टकळी_पुणे
टसर मिसळलेली जावळ तयार झाली की पहिलं पाव किलो माझं, आधीच सांगून ठेवते.

आणि मऊ वेण्यांचा मोह सुटत नसेल तर बिकानेरच्या मंडीतून चोकला किंवा मगरा जातीची लोकर मागवा. चोकला आपल्या देशी लोकरीत बरीच बारीक, मगऱ्याला चकाकी. ती रंगवून विका, पण चिठ्ठीवर बिकानेर लिहा. विदर्भाची म्हणून विदर्भाचीच द्या.

वावरवाला
वहिनीला सगळं वाचून दाखवलं, आता तीच टाईप करते म्हणते.

नमस्कार सगळ्यांना. मी वहिनी. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ चांगली शिजते त्यामुळे ते जमेल. माझ्याकडे पेटी चरखा आहे, त्यावर कापसाचे पेळू कातते. लोकर घेतली तर धागा तुटतो नाहीतर इतका पिळ बसतो की गुंडाळी होते. काय करू? दुसरं, धुतलेली लोकर ठेवायची कशी, आमच्याकडे सासूबाईंच्या घोंगडीला कसर लागली होती ती आठवते.

टकळी_पुणे
वहिनी, पेटी चरख्याची चाती बारीक आणि फिरते भन्नाट, ती सुतासाठीच आहे. जाड लोकरीला पिळ कमी लागतो. मोठ्या चाकाचा उभा चरखा मिळाला तर चाती जाड बसवून घ्या, सुतार करून देतो, नाहीतर सरळ जड टकळी. वर्ध्याला मगन संग्रहालय तुमच्या जवळच आहे, १९३८ पासूनचं, तिथे चरख्यांचे इतके प्रकार ठेवलेत की एक दिवस कमी पडेल, आणि खादीवर नैसर्गिक रंगाचं काम पण चालतं. लोकरीचे पेळू करताना कापसासारखे घट्ट वळू नका, सैल ठेवा, हात जरा लांब ओढा.

काठीवाला_वणी
वहिनी, कसर चिकटलेल्या मळाले अन घामाले लागते. धुतलेली, कडक सुकवलेली लोकर असन तर कमी. साठ डिग्रीच्या आसपास गरम पाणी, त्यात रिठा, दाबून बुडवाची, चोळाची नाई, इसेक मिनटानं काढून तेवढ्याच गरम पाण्यात परत. मंग खाटेवर जाळी टाकून सावलीत. सुती पिशवीत कडूनिंबाचा वाळला पाला टाकून ठेवा अन महिन्यातनं एकखेपा उन दाखवा. आमची आजी हेच करे.

वावरवाला
तर सध्या ठरलं ते असं. मेंढ्या घेत नाही. काठेवाडी यंदा आले की कळप माझ्याच वावरात बसवायचा अन लोकरीचं आधीच बोलून ठेवायचं. काठीवाला भाऊ, तुमच्याकडची काळी अन जावळ वेगळी करून ठेवाल का, धुऊन कातरलेली, भाव तुम्ही म्हणाल तो, मी वणीला गाडी घेऊन येतो.

काठीवाला_वणी
ठेवतो ना जी. पोते तुमीच आनजा, सुताडे. खताचे रिकामे पोते आनले तर लोकर देणार नाई, त्याच्या पट्ट्या तुटून लोकरीत घुसतात अन निंगत नाईत.

वावरवाला
वहिनी विचारते, पळस आत्ता फुलला आहे, पोरांना लावून किती फुलं गोळा करून ठेवू?

रंगपेटी
ओली फुलं वाळून पार हलकी होतात, त्यामुळे वाटतं त्याच्या कितीतरी पट गोळा करा. झाडाखाली सकाळी पडलेली ताजी घ्या, फांद्या मोडू देऊ नका पोरांना. सावलीत पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, ओलसर राहिली तर बुरशी धरते. दोन-तीन किलो वाळलेली झाली तर पहिल्या वर्षाला पुष्कळ. जास्त झाली तर मला कळवा, मी नागपूरहून येऊन घेऊन जाते.